रायफल रिकामी होती, झोप मात्र उडाली होती

कॅडेट मुलांना नेमबाजी शिकवणारे इन्स्ट्रक्टर असोत, पालक असोत नाहीतर मुलं स्वतः, समुपदेशक म्हणून माझ्याकडे आले की फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात, "काही झालं तर?" त्यावर सल्ला देत बसण्यापेक्षा एका सरांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि लिहा म्हणून त्यांनीच सांगितलंय.

सर पन्नाशीचे, अर्धं आयुष्य शस्त्रांसोबत गेलेलं. त्यांच्याकडे कॅडेट मुलांचं नेमबाजीचं ट्रेनिंग अगदी शून्यापासून उभं करायचं काम आलं, १३ ते १७ वयाची पोरं, आधी १० मीटरवर एअर रायफल आणि हात बसला की मग पुढे .२२, म्हणजे खरी, छोट्या गोळीची रायफल. अशा माणसाला हे काम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण सर माझ्याकडे आले ते झोपेसाठी. रात्री अडीचला उठून, गाडी काढून, शस्त्रांच्या खोलीचं कुलूप बघून यायचे. आधी एकदा, मग दोनदा. शेवटी बायको म्हणाली एकतर हे काम सोडा नाहीतर कुणालातरी दाखवा.

पहिले दोन सेशन्स ते मला नियमच सांगत होते. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं धरून चालायचं, जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही, नेम धरल्याशिवाय बोट ट्रिगरवर न्यायचं नाही, टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत पाहिजे. जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाने घालून दिलेले हे चार नियम, सर ते श्लोक म्हटल्यासारखे म्हणायचे. तिसऱ्या वेळी मी विचारलं, सर, हे मोडलेले कधी डोळ्यासमोर बघितलेत का? तर बराच वेळ गप्प.

मग टेबलावरचं माझं पेन उचललं आणि रिफिल काढून दाखवायला लागले. तरुणपणी एक सहकारी शेजारी बसून रायफल साफ करायला घेत होता. त्याने आधी बोल्ट, म्हणजे गोळी आत-बाहेर करणारा दांडा, मागे-पुढे केला, आतली गोळी बाहेर पडली, मग मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं. क्रम उलटा झाला. मॅगझिन आत असताना बोल्ट पुढे गेला की तो खालची पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथे, ढकलतो, म्हणजे एक बाहेर पडलेली दिसते, मॅगझिन हातात आलेलं असतं, आणि तरीही आत एक बसलेलीच असते. "आधी मॅगझिन, मग बोल्ट, मग डोळ्याने आणि बोटाने चेंबर बघायचं. हे त्यालाही पाठ होतं मॅडम." गोळी भिंतीत गेली, कुणाला काही झालं नाही. पण सरांनी त्याआधी काही सेकंद त्याचा हात बघितला होता, क्रम चुकतोय हे कळलं होतं आणि बोलले नाहीत, कारण तो सीनियर होता.

कुलूप, झोप वगैरे सगळं इथून सुरू होत होतं.

कुलपाचं आधी सांगते कारण ते लवकर उरकलं. आपण जितकं जास्त तपासतो तितकी मनातली खात्री कमी होत जाते, कारण प्रत्येक वेळ आधीच्यासारखीच असते आणि मेंदूत सगळ्या एकात एक मिसळतात. म्हणून ठरवलं की कुलूप एकदाच लावायचं, मोठ्याने बोलून लावायचं, शेजारी दुसरा माणूस उभा, दोघांची सही आणि वेळ वहीत. रायफली एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या, आणि दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे नाहीत. रात्री शंका आली तर गाडी काढायची नाही, वहीच्या पानाचा फोटो बघायचा. पुढे तर तोही बघायचा नाही असं ठरलं, पण त्याला दोनेक महिने लागले.

खरी गडबड रेंजवर होती. सरांनी भीतीपोटी इतका कडक कारभार ठेवलेला की पोरं श्वासही परवानगी घेऊन घेत होती. आणि मग तेच झालं जे अशा ठिकाणी होतं. एका मुलाला काहीतरी विचारायचं होतं, तो रायफल हातात धरूनच वळला आणि नळी आख्ख्या रांगेवरून फिरली. एअर रायफल, रिकामी, बोल्ट उघडा, सगळं ठीक. पण शेजारच्या मुलीने ते आधी बघितलं होतं आणि ती बोलली नाही. का नाही बोललीस, तर म्हणे, "सर ओरडतील असं वाटलं."

हे मला सांगताना सरांचा आवाज बसला. मला काही बोलायची गरजच नव्हती.

आम्ही त्यांची नियमांची चाळीस पानी फाइल काढली आणि बसून कापली. नियम कमी नाही केले हां, ते सगळे राहिले. नेम धरायच्या रेषेच्या पलीकडे, टार्गेटच्या बाजूला, मुलं असताना रायफलीला हात नाही, रायफल रिकामी आहे हे दिसावं म्हणून चेंबरमध्ये रंगीत फ्लॅग, मोजून दिलेली काडतुसं आणि मोजून परत घेतलेल्या पुंगळ्या, डोळ्यांना चष्मा, .२२ ला कानांवर मफ्स कारण तो आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो, छरे शिशाचे असतात म्हणून रेंजवर खाणं नाही आणि नंतर साबणाने हात. .२२ ची गोळी छोटी दिसते पण मोकळ्यात दीड किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणून मागचा मातीचा बांध आधी आणि बाकी नंतर. हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा शंभरपट कळतं. मी दोनच वाक्यं घातली. "थांबा" कुणीही ओरडू शकतं, अगदी पहिल्या दिवशी आलेलं पोर सुद्धा, आणि ओरडणाऱ्याला कधीही शिक्षा नाही. दुसरं, "सर, आज नको" म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, त्याला स्कोअर लिहायला बसवायचं.

पहिल्यावर सर वैतागले. पोरं गंमत म्हणून ओरडतील! ओरडलीच. पहिल्या दिवशी निम्मे "थांबा" फालतू होते, एकदा तर माशी बसली म्हणून. पण प्रत्येक वेळी सगळ्यांनी बोट बाहेर काढलं, रायफल खाली ठेवली, आणि सर म्हणतात तेवढ्या सरावाने जे झालं ते माझ्या लेक्चरने झालं नसतं.

दुसऱ्या वाक्याचं महत्त्व मी जास्त मानते, समुपदेशक म्हणून. एखादं मूल खूप चिडलेलं, झोप न झालेलं, घरी काहीतरी घडून आलेलं असेल तर त्या दिवशी त्याच्या हातात शस्त्र नको, आणि हे त्याला स्वतःला सांगता आलं पाहिजे. पण मरणाबद्दल किंवा कुणाला इजा करण्याबद्दल बोललं तर मग स्कोअर लिहिण्यावर भागत नाही, रेंज बंद, त्याला एकटं सोडायचं नाही, पालकांना आणि तज्ज्ञांना त्याच दिवशी कळवायचं, आणि घरात शस्त्र असेल तर ते तिथून हलवायला सांगायचं. आणि हे शिक्षेसारखं वाटू द्यायचं नाही, हे सगळ्यात अवघड.

पालकांच्या मीटिंगला एका आईने विचारलं की याने मुलगा हिंसक होईल का. मी म्हटलं, ताई, या खेळात राग आला की शॉट जातो. दहाच्या रिंगचा तो ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हृदयाचा ठोका सुद्धा नेम हलवतो. मुलगा शांत होईल अशी गॅरंटी मी देत नाही, पण चिडून इथे काही मिळत नाही एवढं नक्की.

एक मुलगा होता, सगळे त्याला घाबरट म्हणायचे कारण त्याचे छरे कायम एका बाजूला जायचे. सरांनी त्याला हात लांब करून दोन्ही तळव्यांच्या फटीतून लांबची वस्तू बघायला सांगितली, मग एकेक डोळा मिटायला. उजव्या हाताचा मुलगा, पण मुख्य डोळा डावा. रायफल डाव्या खांद्याला दिली, दोन आठवडे विचित्र वाटलं, मग ग्रुप, म्हणजे छरे जवळजवळ पडणं, जमायला लागला. पाच छरे एका नाण्याखाली झाकले जातील इतके. ते टार्गेट त्याने घरी नेलं.

शेवटच्या सेशनला सर आले तेव्हा तोंड जरा वाकडं होतं. विचारलं तर म्हणे आदल्या दिवशी त्यांनाच "थांबा" ऐकावं लागलं. सगळ्या रायफली खाली आहेत असं समजून ते टार्गेट आणायला पुढे निघाले, एका रायफलीत फ्लॅग लावायचा राहिला होता, आणि तीच गप्प बसलेली मुलगी, तिने आख्खी रेंज हादरेल एवढ्या जोरात ओरडून त्यांना जागेवर उभं केलं.

"राग आला?" मी विचारलं.

"आला ना. संध्याकाळपर्यंत होता."

"आणि रात्री?"

"झोपलो."