धंदा कुठे काढायचा, याविषयी

प्रिय,

मोठ्या शहरात गेल्याशिवाय धंदा उभा राहणार नाही, असं तू लिहिलंस. जिद्द असली की कुठेही जमतं, असं सांगून मी तुझी फसवणूक करणार नाही. जागेने फरक पडतो. पण जागा नेमकं काय देते, ते आधी बघ.

कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीचंच घे. ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक, विल्यम शॉकली यांनी 1956 मध्ये तिथे प्रयोगशाळा काढली. त्यांची आई जवळच राहायची, हे जागा निवडण्याचं एक कारण! पुढच्याच वर्षी आठ जण त्यांना सोडून गेले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही ट्रान्झिस्टर बनवणारी कंपनी उभी राहिली. त्या आठांपैकी नॉइस आणि मूर यांनी 1968 मध्ये इंटेल ही चिप बनवणारी कंपनी काढली. या फुटून निघण्याला कायद्याचीही साथ होती. नोकरी सोडल्यावर त्याच धंद्यात उतरायचं नाही, ही अट कॅलिफोर्नियात 1872 च्या कायद्यामुळे सहसा टिकत नाही. बोस्टनच्या परिसरातही तंत्रज्ञानाचे मोठे उद्योग होते, पण तिथे ती अट माणसाला बांधून ठेवू शकायची. माणूस हलला की त्याच्याबरोबर कसबही हलतं. म्हणून शहर निवडताना तिथे किती गुंतवणूकदार आहेत हे नंतर मोज. चांगली नोकरी सोडणाऱ्याकडे तिथले लोक कसे बघतात, धंदा बुडालेल्याला पुन्हा कामावर घेतात का, हे आधी विचार. माझ्या मते सगळं इथेच ठरतं.

आता तुझ्या हातात आज जे आहे, त्याबद्दल. डेन्मार्कमधल्या नव्या धंद्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की मालक ज्या भागात बरीच वर्षं राहिला होता, तिथले त्याचे धंदे जास्त काळ टिकले आणि जास्त नफ्यात राहिले. मला हे पटतं. कोण वेळेवर पैसे देतो, कुणाच्या शब्दावर माल उधार मिळतो, कुठला कारागीर अडल्यावेळी रात्री येईल, हे कळायला वर्षं जातात. शहर बदललंस की ही सगळी ओळख शून्यावर येते.

तरीही जायचंच असेल तर जरूर जा, पण पहिल्या दिवशी धंदा काढू नकोस. त्याच धंद्यात दोन-तीन वर्षं नोकरी कर, माणसं जोड.

आणि निघण्याआधी मला एक यादी पाठव: तुझी पहिली दहा गिऱ्हाइकं कोण, आणि ती राहतात कुठे. नावानिशी लिही, अंदाजाने नको. ती वाचून मग आपण शहराचं बोलू.

तुझ्या पत्राची वाट बघतो.