'क्रांती' : फिरून तिथेच, की ओलांडून पुढे?

प्रश्न असा आहे : कोपर्निकसच्या १५४३ सालच्या लॅटिन ग्रंथाच्या नावात 'रेव्होल्यूशन' आहे, मग मराठीत 'खगोलीय गोलांची क्रांती' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. तिथे 'परिभ्रमण' हवं. शाळेत परिवलन आणि परिभ्रमण यांत आपण गोंधळ घालायचो, त्यातलं दुसरं. लॅटिन शब्दाचा अर्थ फिरून मूळ जागी येणं. कोपर्निकसला नावातून काही उलथवायचं नव्हतं. तो स्वतः चर्चच्या सेवेतला, आणि ग्रंथ अर्पण केला थेट पोप तिसरा पॉल याला. (रोमची बंदी आली १६१६ साली, तीही 'दुरुस्त होईपर्यंत'.)

खरी गंमत पुढे आहे. आकाशातला हा शब्द राजकारणात उतरला तो आधी 'परतण्या'चाच अर्थ घेऊन. इंग्लंडमध्ये १६४९ साली पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवलं, मग क्रॉमवेल बाप-लेकांनी कारभार केला, आणि १६६० साली चार्ल्सचाच मुलगा गादीवर बसला. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने या साऱ्या फेऱ्याला रेव्होल्यूशन म्हटलं : सत्ता राजाकडून निघाली, दोन बळकावणाऱ्यांच्या हातून फिरली आणि राजपुत्राकडे परत आली. आज आपण ज्याला प्रतिक्रांती म्हणू, तिथे त्याचं वर्तुळ पूर्ण होतं!

१६८८ च्या 'रक्तहीन राज्यक्रांती'तही हा वास आहे. कॅथलिक राजा दुसरा जेम्स पळाला. त्याला हटवणाऱ्यांनी १६८९ च्या हक्कांच्या सनदेत भाषा वापरली ती 'प्राचीन हक्कां'ची. नवं काही आणतोय असं म्हणायला ते तयार नव्हते. त्या वेळच्या पार्लमेंटात केंब्रिज विद्यापीठाचा एक प्रतिनिधी होता न्यूटन, म्हणजे दोनच वर्षांपूर्वी ग्रहांच्या परिभ्रमणाचं गणित छापणारा माणूस. शब्दाच्या दोन्ही अर्थांना असा हात लागलेला दुसरा कोणी मला आठवत नाही. मागे न फिरणारी उलथापालथ हा अर्थ पक्का बसला तो १७८९ नंतर, फ्रान्समुळे.

आता आपली 'क्रांती'. धातू 'क्रम्', म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. आक्रमण, अतिक्रमण, संक्रांत ही सगळी त्याच घरातली. ज्योतिषातही हा शब्द जुना आहे, पण अर्थ वेगळा : विषुववृत्तापासून सूर्याचं उत्तर-दक्षिण अंतर ती क्रांती, जास्तीत जास्त साधारण साडेतेवीस अंश. सूर्याचा भासमान मार्ग ते क्रांतिवृत्त. म्हणून कोपर्निकसच्या शीर्षकात 'क्रांती' घातली की पंचांगवाल्याला भलताच बोध होईल. माझ्या मते मात्र राजकीय अर्थाला आपला शब्द युरोपीय शब्दापेक्षा सरस आहे. त्यांचा गोल फिरतो, आपला उंबरठा ओलांडतो.

लिहिताना 'क्रांती' दीर्घ, पण समासात 'क्रांतिकारक', 'क्रांतिवृत्त' ऱ्हस्व.

आणि घोषणेतला 'इन्किलाब'? तो अरबी, मूळ अर्थ पालटणं. अरबी खगोलशास्त्रात सूर्य ज्या दिवशी उत्तरेकडून दक्षिणेकडे किंवा उलट वळतो, त्या अयनबिंदूलाही इन्किलाबच म्हणतात.