वाचकांचे प्रश्न: तगडं गिअर घालायचं की चोरपावलांनी जायचं?

या वेळी रोगलाइक गेम्सवरचे प्रश्न भरपूर आलेत आणि बहुतेक सगळे एकाच अडचणीभोवती फिरतायत. काहीतरी जबरदस्त सापडलंय पण त्याला एक वाईट खोड आहे, आणि इकडे आपण लपतछपत खेळतोय, मग काय करायचं? ज्यांनी हे गेम्स खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगते की 1980 च्या रोग या गेमपासून ही जात सुरू झाली. दर वेळी नकाशा नवा असतो, चाल टर्नची असते, आणि मेलात की खेळ संपला, जुना सेव्ह उघडून परत यायची सोय नसते. म्हणूनच एक चुकीची अंगठी घालणं इथे एवढं महागात पडतं.

प्रश्न: अँगबँडची जुनी 3 नंबरची आवृत्ती खेळतोय. माझं पात्र हॉबिट आहे, स्टेल्थ (चाहूल न लागू देण्याचा गुण) सुपर्ब दाखवतोय आणि आता 'डूमकॉलर' तलवार मिळालीय. डॅमेज बघून डोळे फिरले, टेलिपथी पण आहे, पण खाली लिहिलंय की आजूबाजूचे मॉन्स्टर चवताळतात. घालू का?

कायमची घालून फिरू नका. का ते जरा सविस्तर सांगते, कारण हा हिशोब एकदा डोक्यात बसला की बाकीचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

तुमच्या आवृत्तीत स्टेल्थ कसा चालतो बघा. झोपलेल्या मॉन्स्टरची पाळी आली की गेम तुमच्या आवाजाविरुद्ध एक फासा टाकतो, आणि त्याचं गणित असं आहे की स्टेल्थ 3 ने वाढला की त्याला चाहूल लागायची शक्यता निम्मी होते. 0 असताना प्रत्येक वेळी चाहूल लागते, 3 ला निम्म्या वेळा, 6 ला चारातून एकदा, 9 ला आठातून एकदा. आणि चाहूल लागली म्हणजे तो लगेच उठतो असंही नाही, झोप थोडी थोडी उडत जाते, तुम्ही जेवढे जवळ तेवढी जास्त. म्हणजे तुमचा हॉबिट एखाद्या म्हाताऱ्या ड्रॅगनच्या खोलीत शिरून, जमिनीवरचं सामान बघून, नको असेल तर तसाच बाहेर येऊ शकतो. ही केवढी मोठी ताकद आहे हे आकड्यात दिसत नाही म्हणून लोक तिला कमी लेखतात.

आता डूमकॉलर. ती हातात घेतली की हे सगळं गणित बंद. जवळ असलेला झोपलेला मॉन्स्टर फासा न टाकता सरळ उठतो, तुमचा स्टेल्थ सुपर्ब असो नाहीतर शून्य. वर आर्मरमधून 50 वजा होतात ते वेगळंच. आणि यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे ही तलवार ड्रॅगन मारायला भन्नाट आहे, पण ड्रॅगन हेच तर गाढ झोपणारे, म्हणजे ज्यांच्या बाबतीत तुमचा स्टेल्थ सगळ्यात जास्त कामाचा होता त्यांनाच ती उठवून बसवते. टेलिपथीमुळे कोण येतंय ते दिसेल हे खरं, पण येणारे सगळे एकदमच येतील.

म्हणून कुठलंही खोड असलेलं गिअर हातात आलं की मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघते, ती खोड कधी चालू असते? काही खोडी फक्त लढाईत बोचतात, जसं वार हळू पडणं, आर्मर कमी होणं, मंत्र न येणं. त्या सांभाळता येतात कारण लढाई कुठे आणि कुणाशी हे तुमच्या हातात असतं. काही खोडी मात्र चोवीस तास चालू असतात, आणि आवाज ही त्यातली सगळ्यात वाईट, कारण ती नेमका तो हक्कच काढून घेते, म्हणजे लढायचं की नाही हे ठरवायचा हक्क.

पण फेकू नका. पिशवीत ठेवा. ती खोड फक्त हातात असताना लागू होते आणि हत्यार बदलायला एकच टर्न जातो. हाउंड्सचे (शिकारी कुत्र्यांचे) कळप आले तर ते बहुतेक जागेच असतात, तिथे स्टेल्थचा उपयोग नव्हताच, मग काढा बिनधास्त. ज्याला मारायचंच ठरवलंय तो एकटा आहे, आजूबाजूला कुणी नाही, तुमचा स्पीड त्याच्यापेक्षा जास्त आहे, तेव्हाही काढा. फक्त अगदी शेजारी जाऊन मग बदलायचा विचार करू नका, बदलायच्या टर्नला तो उठणार आणि ड्रॅगनने पहिला श्वास सोडला तर हॉबिटच्या एचपीला (जीव किती उरलाय त्या आकड्याला) ते झेपणारं नाही. आणि हो, आधी तलवार इन्स्पेक्ट करून किती वार मिळतात ते बघा, जड पातं आहे, हॉबिटच्या ताकदीला एका टर्नमध्ये जेमतेम एकच वार पडत असेल तर तो मोठा डॅमेज नुसता कागदावरच राहतो.

प्रश्न: डन्जन क्रॉल स्टोन सूपमध्ये मी खंजीर घेऊन झोपलेल्यांना भोसकत खेळते. आता प्लेट आर्मर मिळालं. लेदर आर्मर 3 एसी (बचावाचा आकडा) देतं आणि हे 10. एवढा फरक सोडून देणं जिवावर येतंय.

ताई, 3 आणि 10 बघितलंत तसा त्याच्या शेजारचा ओझ्याचा आकडा पण बघा. लेदरचा 4 आहे आणि प्लेटचा 18. स्टेल्थची कपात या आकड्याच्या वर्गाच्या हिशोबाने होते, म्हणजे 16 विरुद्ध 324, साधारण वीसपट! एसी तिपटीने वाढला आणि स्टेल्थची कपात वीसपटीने, हा सौदा खंजीरवालीला परवडत नाही. वर चुकवाचुकवी कमी होते आणि मंत्र वापरत असाल तर ते फसायला लागतात.

माझं स्पष्ट मत आहे की इथे अधेमधे लटकणं सगळ्यात वाईट. प्लेट घालायची तर मग पूर्ण घाला, म्हणजे आर्मर स्किल वाढवा, कुऱ्हाड किंवा गदा असं काहीतरी उचला, स्टेल्थमध्ये जाणारा एक्सपी (अनुभवाचे गुण) थांबवा आणि बोळात उभं राहून जो येईल त्याला घ्या. अशाही खूप लोकांनी गेम जिंकलाय, त्यात काही कमी नाही. पण प्लेट घालून स्टेल्थ स्किल वाढवत बसलात तर दोन्हीकडे एक्सपी वाया. तुमचा खंजीर आतापर्यंत चालत आलाय ना, मग लेदरच ठेवा, आणि नशिबाने शॅडो ड्रॅगनचे स्केल्स मिळाले तर सोडू नका, ते उलट स्टेल्थ वाढवतात.

आणखी एक. 'शील्ड ऑफ द गाँग' दिसली तर नावावरूनच ओळखा, प्रत्येक अडवलेल्या वाराला ती दणदणते. प्लेटवाल्याला चालेल, तुम्हाला अजिबात नाही. उलट 'हार्म' नावाचा गुण असलेलं काही मिळालं, ज्यात तुम्ही जास्त डॅमेज देता आणि जास्त खाता पण, तर ते तुमच्यासाठी बाकीच्यांपेक्षा जास्त कामाचं आहे, कारण झोपलेला मेला तर तो उलटा मारणार कसा? फक्त ते काढताना ड्रेन होतं (तुमची ताकद काही काळ झिजते), म्हणून घाल-काढ करायची वस्तू नाही ही, घातली तर ठेवून द्यायची.

प्रश्न: ब्रोगमध्ये वॉर हॅमर मिळालाय आणि प्लेट आर्मर पण. ताकद अजून 12 च आहे. दोन्ही घालून टाकू का?

आर्मर आत्ता नको. प्लेटचे 11 आहेत पण तिला ताकद 19 लागते, तुमची 7 ने कमी, आणि कमी पडलेल्या प्रत्येक गुणामागे आर्मर 1 ने घटतं. उरले 4. लेदर आर्मर 3 देतं आणि त्याला 10 च ताकद लागते. म्हणजे एकच गुण जास्त मिळवण्यासाठी एवढा खटाटोप. ताकदीच्या पोशन मिळत जातील तशी प्लेट फुलत जाईल, तोवर बाळगा.

हॅमरची गोष्ट मात्र मला फार आवडते, कारण लोकांना वाटतं तगडं पण बोजड हत्यार आणि लपतछपत खेळणं हे एकमेकांचे वैरी आहेत, आणि ब्रोगमध्ये ते चक्क जोडीदार होतात. हॅमरची खोड काय, तर एका वाराला दोन टर्न जातात आणि ताकद कमी असेल तर नेम चुकतो. पण झोपलेल्यावरचा वार चुकतच नाही आणि डॅमेज तिप्पट होतो. हॅमर मुळात 25 ते 35 मारतो, तिप्पट म्हणजे 75 ते 105, आणि ओग्रचे (धिप्पाड राक्षसाचे) एचपी 55. ताकद दोन-तीन गुणांनी कमी असली तरी झोपलेला ओग्र एका फटक्यात जातो. दुसरा वार करायचाच नाही म्हटल्यावर तो हळू पडतो की पटकन याने काय फरक पडतो! अर्थात आज तुमची ताकद 8 ने कमी आहे, त्याने डॅमेज पण बराच घटतो, तेव्हा लगेच ओग्रकडे धावू नका. आणि जागे असलेले माकड, जॅकल असले पळणारे आले तर हॅमर नको, साधी तलवार जवळ ठेवा.

चालताना हेही लक्षात असू द्या की ब्रोगमध्ये तुमची चाहूल साधारण 14 घरांपर्यंत जाते, थांबून शोधताना किंवा विसावा घेताना 7, आणि मारामारी सुरू झाली की दुप्पट. एकाला हॅमरने उडवलंत की पलीकडच्या खोलीत कोण झोपलंय याचा विचार त्या वाराच्या आधी करायचा, नंतर नाही.

प्रश्न: नेटहॅकमध्ये वाल्किरी आहे. एल्व्हन क्लोक घालू की मॅजिक रेझिस्टन्सचा क्लोक?

मॅजिक रेझिस्टन्सचा, डोळे मिटून. वाल्किरीला स्टेल्थ पहिल्या लेव्हलपासून अंगातच असतो, एल्व्हन क्लोक तिला त्या बाबतीत नवीन काही देत नाही. दुसऱ्या एखाद्या रोलला (पात्राच्या प्रकाराला), जसं सामुराई, ज्याला स्टेल्थ 15 व्या लेव्हलला मिळतो, त्याला सुरुवातीला हा क्लोक चांगलाच उपयोगी. झू (झोपलेल्या प्राण्यांनी भरलेली खोली) लागला तर फरक कळेल, स्टेल्थ नसताना आत पाऊल टाकताच तिथला प्रत्येक झोपलेला प्राणी तीनातून एकदा या हिशोबाने उठतो, स्टेल्थ असेल तर तुमच्या शिरण्याने कुणी उठत नाही आणि तुम्ही दारात उभं राहून एकेकाला घेऊ शकता, सोनं तर त्यांच्याखालीच असतं.

प्रश्न: लपून गेलं तर एक्सपी मिळत नाही, मग पुढे कमजोर पडणारच ना? त्यापेक्षा शापित का होईना मोठं हत्यार बरं असं माझा भाऊ म्हणतो.

तुमचा भाऊ कुठला गेम खेळतो त्यावर आहे. अँगबँड आणि नेटहॅकमध्ये एक्सपी मुख्यतः मारण्यातून येतो, तिथे त्याचं म्हणणं बऱ्यापैकी बरोबर आहे, पण तिथेही स्टेल्थचा अर्थ कुणालाच मारू नका असा नाही, कुणाला मारायचं ते तुम्ही निवडा असा आहे. ज्यांच्याकडून भरपूर एक्सपी मिळतो आणि धोका कमी, ते मारा, बाकीच्यांना झोपू द्या.

काही गेम्सनी हा प्रश्नच मुळातून बदललाय आणि मला ते मनापासून पटतं. 2012 चा सिल घ्या, त्यात मॉन्स्टर पहिल्यांदा नुसता दिसला तरी एक्सपी मिळतो, आणि उद्दिष्टच मुळी मॉर्गोथच्या (टॉल्किनच्या कथांमधल्या खलनायकाच्या) मुकुटातला सिल्मरिल हा रत्न चोरून बाहेर पडायचं आहे, त्याला मारायची सक्ती नाही. ब्रोगमध्ये तुमची ताकद पोशन आणि स्क्रोलमधून येते, मारामारीतून नाही, त्यामुळे टाळलेली लढाई म्हणजे निव्वळ वाचलेले एचपी. कॉगमाइंडमध्ये (यात तुम्ही रोबोट असता) तर एक्सपी हा प्रकारच नाही, पुढच्या मजल्यावर पोचलात की स्लॉट (भाग जोडायच्या जागा) वाढतात, आणि जास्त तोडफोड केलीत की अलर्ट लेव्हल चढते आणि तुमच्या मागे आणखी पथकं लागतात. तिथे तगडं गिअर म्हणजे ट्रेड्सवर (रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर) लादलेल्या जड तोफा, त्या वापरायच्या तर सतत येणारी कुमक झेलायची तयारी पाहिजे. उडत पळणाऱ्याला वजन फार नेता येत नाही, पण त्याला ते लागत पण नाही.

प्रश्न: अँगबँडमधली रिंग ऑफ एस्केपिंग. स्पीड देते पण भीती लागते. कुणी वापरतं का खरंच?

हो, आणि खूप आवडीने वापरतात! त्या भीतीचा अर्थ एवढाच की तुम्ही हातघाईची लढाई करू शकत नाही. धनुष्य चालतं, मंत्र चालतात, कांड्या चालतात. मेज (जादूगार) किंवा रेंजर (तिरंदाज) असाल तर ही खोड तुमच्यासाठी जवळजवळ नाहीच, आणि स्टेल्थला तर ती हातच लावत नाही. वॉरियर असाल तर मात्र बोटात नको. त्याउलट रिंग ऑफ द डॉग भीती घालवते पण स्टेल्थ कमी करते, ती वॉरियरने घालावी, चोरपावलांनी जाणाऱ्याने नाही. तुमचा कॅरेक्टर कोणता आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, रेंजर असेल तर आजच घाला आणि बाण भरपूर ठेवा.