टायपोग्राफी, कायदा, लेखन आणि प्रोग्रामिंग चारही आवडतात. एकच करिअर होऊ शकतं का?

होऊ शकतं. मी मुंबईत हेच करते. अमेरिकेत मॅथ्यू बटरिक टाइप डिझायनर, लेखक, प्रोग्रामर आणि वकील असं सगळं एकत्र करतात. प्रोग्रामरना कोड सुचवणाऱ्या गिटहब कोपायलट या एआय साधनाविरुद्ध २०२२ साली दाखल झालेल्या दाव्यात ते वादींच्या बाजूने उभे राहिले. पण अशा कामाची जाहिरात निघत नाही. चारही गोष्टी ज्या कागदावर भेटतात, तो कागद शोधावा लागतो.

मला तो धोबी तलावला सापडला. एलएलबी करताना एका वकिलांकडे उमेदवारी करत होते. मिळकतीच्या दाव्याची जुनी फाइल उघडली, तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. तो फॉन्ट संगणकावर नसला की मजकूर वाचताच येत नाही. मी पायथनमध्ये रूपांतराचा प्रोग्राम लिहायला बसले. 'मिळकत'ची वेलांटी जुन्या फाइलमध्ये 'म'च्या आधी साठवलेली, युनिकोडला ती नंतर हवी. 'कर्ज'चा रफार 'ज'च्या नंतर, युनिकोडला तो आधी हवा. आणि 'ऱ्य'! 'आचाऱ्यांना पैसे दिले' म्हणजे स्वयंपाक्यांना, 'आचार्यांना दिले' म्हणजे गुरुजनांना. कोर्टात जाणाऱ्या कागदावर एवढ्याशा रेघेने पैसे घेणारा माणूसच बदलतो. त्या रात्री मला माझं काम कळलं.

आज मी फॉन्टच्या परवान्यांचे करार लिहिते आणि वकिलांच्या कार्यालयांना मराठी-इंग्रजी मसुद्यांचे साचे बनवून देते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम 'साहित्यकृती'च्या व्याख्येतच येतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगते. सनद घेऊन वकिली करायची तर सोबत पूर्णवेळ पगाराची नोकरी चालत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. मी नोकरी सोडली. पहिली दोन वर्षं ओढाताणीची गेली, घरी भाडं नव्हतं म्हणून निभावलं. तुम्ही हा हिशेब आधी मांडा.

तोवर एक करून बघा. मुंबईच्याच 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' फॉन्ट उतरवून घ्या. त्याचा परवाना वाचा: फॉन्ट बदलायला, वाटायला मोकळीक आहे, नुसता फॉन्ट विकायला नाही. मग फॉन्टफोर्ज या फॉन्ट संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून 'ऱ्य' कुठल्या नियमाने जुळतो ते शोधा. शेवटी तोच परवाना तुमच्या आईला एका वाचनात कळेल अशा मराठीत लिहा. माझा सोमवार ते शनिवार साधारण असाच जातो.