आई शिकलेली असेल तर मुलांच्या वाढीत नेमका काय फरक पडतो?

सगळ्यात मोठा फरक अभ्यास घेण्यात नाही, पहिल्या पाच वर्षांत पडतो. लसीकरणाचं कार्ड तिला स्वतःला वाचता येतं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत, हे कुणी सांगायची वाट ती बघत नाही. जुलाब लागले तर ओआरएस किती पाण्यात घालायचं ते पाकिटावर बघते, आणि पालिकेच्या दवाखान्यात कितीही गर्दी असली तरी डॉक्टरांना प्रश्न विचारते. हे धाडस मला सर्वांत मोलाचं वाटतं.

आईचं शिक्षण वाढतं तसं मुलांमधलं खुरटेपण, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी राहणं, कमी दिसतं, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही दिसतं. त्यात घरच्या उत्पन्नाचा वाटा आहेच, पण सगळं श्रेय त्याला देता येत नाही. शिकलेल्या मुलीचं लग्न सहसा उशिरा होतं, घरात तिच्या शब्दाला वजन येतं.

म्हणून कमी शिकलेली आई कमी पडते असं मुळीच नाही, आणि मुलांची जबाबदारी बापाचीही तितकीच. शाळा अर्धवट सुटली असेल तर मुंबईत रात्रशाळा आहेत, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. पुढे एसएनडीटी महिला विद्यापीठात दूरशिक्षणाने पदवीही घेता येते.