‘मुक्त आत्मा’ नकोच. पण ‘स्वैर’ही जपून

प्रश्न असा : उशी ओबरमायर या जर्मन मॉडेलवरच्या ‘दास विल्डे लेबन’ (२००७) या चरित्रपटाच्या परिचयात तिला ‘प्रतिसंस्कृतीतील मुक्त आत्मा’ म्हटले आहे (प्रतिसंस्कृती म्हणजे ‘काउंटरकल्चर’, प्रस्थापित रीती नाकारणारी जीवनशैली). हे बरोबर का? की ‘बिनधास्त’ किंवा ‘स्वैर’ म्हणावे?

‘मुक्त आत्मा’ हे इंग्रजी ‘फ्री स्पिरिट’चे शब्दशः भाषांतर. ते वाचले की पुढे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च यायला हवी. मराठीत आत्मा मुक्त होतो तो देह सुटल्यावर, नाहीतर मोक्ष मिळाल्यावर. चित्रपट आला तेव्हा बाई चांगल्या हयात होत्या! हल्ली जिकडेतिकडे हे मुक्त आत्मे भटकताना दिसतात.

‘बिनधास्त’मधली धास्ती म्हणजे ‘दहशत’चेच मराठी रूप. भीती नाही, एवढेच तो शब्द सांगतो. पश्चिम बर्लिनच्या ‘कोमुने १’ या कम्यूनमध्ये जाऊन राहणे, पुढे जोडीदार बॉकहॉर्नबरोबर बसमध्येच संसार थाटून भारतापर्यंत येणे, यात प्रश्न भीतीचा कमी आणि मर्जीचा जास्त.

आता ‘स्वैर’. स्व + ईर. ‘ईर्’ म्हणजे हलणे, जाणे. समीर आणि प्रेरणा याच धातूतले. स्वैर म्हणजे आपल्या मनाने चालणारा. पण संधी पाहा. अ + ई = ए, म्हणून गण + ईश = गणेश. त्या हिशेबाने ‘स्वेर’ व्हायला हवे होते. झाले ‘स्वैर’! आपल्या मर्जीने चालणाऱ्याचा शब्दच नियमाबाहेर चालतो. शेवटी संस्कृत वैयाकरण कात्यायनाला ‘स्वादीरेरिणोः’ असे खास वार्त्तिक (पाणिनीच्या सूत्राला पुरवणी) लिहून त्याची सोय लावावी लागली. (प्र + ऊढ = प्रौढ हेही असेच सवलतीवर जगते. प्रौढांना सवलत लागावी, याची मौज वाटते.)

इथे संस्कृत शब्दकोश ‘अमरकोश’ रचणाऱ्या अमरसिंहाशी माझे भांडण आहे. अमरकोशात पुल्लिंगी ‘स्वैरी’ बसतो ‘स्वतंत्र’, ‘स्वच्छंद’ यांच्या पंगतीला; स्त्रीलिंगी ‘स्वैरिणी’ मात्र थेट ‘पुंश्चली’, ‘कुलटा’ यांच्या, म्हणजे व्यभिचारिणींच्या, ओळीत. धातू तोच, संधी तोच, मग पंगत का बदलली? व्याकरणात याला काडीचा आधार नाही. तरी तो डाग मराठीत उतरला आहे. ‘स्वैर अनुवाद’ खपतो. बाईला ‘स्वैर’ म्हटले की वाचकाला ‘स्वैराचार’ ऐकू येतो. माझ्या मते शब्द धुऊन परत वापरावा, पण चार ओळींच्या चित्रपट-परिचयात ती धुलाई होणार नाही.

तिथे ‘स्वच्छंद’ लिहा. ‘स्वछंद’ नव्हे : ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की मध्ये च् येतो, जसे वि + छेद = विच्छेद. आणि कुणी ‘स्वच्छ’वरून ‘स्वच्छंद’ काढून दाखवले तर ऐकू नका; ‘स्वच्छ’ म्हणजे सु + अच्छ, त्याचे घराणेच वेगळे.

‘प्रतिसंस्कृती’ राहिलीच की. ती ठीक आहे, राहू द्या.