व्हॉट्सअ‍ॅप कॉल फाटतोय? स्पीड टेस्ट जरा बाजूला ठेवा

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला अठराव्या मजल्यावर राहता, फोरजीचा स्पीड ४० एमबीपीएस येतो, तरी जर्मनीतल्या मुलाशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलताना आवाज रोबोटसारखा होतो. आणि त्याच खुर्चीत बसून केलेला साधा कॉल खणखणीत लागतो.

मेख त्या साध्या कॉलमध्येच आहे. तोही व्होल्टीमुळे (साधा कॉल फोरजीच्या डेटावरून नेणारी सोय) फोरजीवरूनच जातो, पण नेटवर्क त्याच्यासाठी वाट राखून ठेवतं. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाज मात्र अख्ख्या कॉम्प्लेक्सच्या रील्ससोबत रांगेत उभा. आवाजाला स्पीड लागतो तरी किती? जुन्या जी.७११ कोडेकलाही (कोडेक म्हणजे आवाजाचं डिजिटल रूप करणारी पद्धत) ६४ केबीपीएस पुरतात, ओपससारखे नवे त्याहून कमीत भागवतात. लागतो तो नियमितपणा. साधारण दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट (आवाजाचा छोटा तुकडा), म्हणजे सेकंदाला ५०. उशिरा आलेलं पॅकेट टाकूनच द्यावं लागतं, मग अ‍ॅप अंदाजाने भोक बुजवतं. तोच तुमचा रोबोट.

त्यात पल्ला लांबचा. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) शिफारशीनुसार आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर गप्पा सहज होतात. जर्मनीपर्यंतच्या केबलमध्येच त्यातला बराच वेळ खर्ची पडतो, म्हणून तुमच्या टोकाला उधळायला फार काही उरत नाही.

आता माझा अनुभव. कोपरखैरण्याहून आईला कॉल लावला की रोज रात्री साडेनऊलाच गडबड. महिनाभर कंपनीला शिव्या घातल्या. शेवटी पिंग लावून बसलो, म्हणजे सर्व्हरला छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजत बसलो: ५० च्या आसपासचा आकडा मध्येच ८००-९०० वर उडी मारायचा. चोर घरातच निघाला! गणपतीतले आरतीचे व्हिडिओ फोन चार्जिंगला लावला की बॅकअपला जात होते, आणि अपलोडच्या त्या रांगेत माझा आवाज अडकत होता. बॅकअप 'फक्त वायफायवर' केला, विषय संपला. तुम्हीही आधी हेच बघा. व्हॉट्सअ‍ॅपच्या 'स्टोरेज आणि डेटा'मध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय आहे, तोही चालू करून पाहा. व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवून नेणारं अ‍ॅप) असेल तर बंद.

दुसरा संशय तुमच्या मजल्यावर. टॉवरचे अँटेना खाली झुकवलेले असतात. अठराव्या मजल्यावर फोनला चार-पाच टॉवर दिसतात, पण नीट एकही मिळत नाही. दांड्या भरलेल्या दिसल्या तरी सिग्नल गढूळ असतो. बाल्कनीत उभं राहून बोलायची आपली सवय इथे उलटी पडू शकते. एका बाजूचेच टॉवर दिसतील अशा आतल्या खोलीत जाऊन बघा. घरात ब्रॉडबँड असेल तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर कॉल करा, २.४ वर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते.

ब्लूटूथ हेडसेट एकदा काढून बघा. माइक चालू झाला की बऱ्याच हेडसेटचा दर्जा आपोआप उतरतो. वायरवाला स्वस्तातला इअरफोन बरा.

ट्रान्स-हार्बरच्या लोकलमधून कॉल करत असाल तर ठाणे-ऐरोलीमधल्या बोगद्यावर मात्र उपाय नाही. तेवढं मुलाला आधीच सांगून ठेवा.

आज रात्री कॉलच्या वेळी ८.८.८.८ ला (हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता) दोन मिनिटं पिंग करा, एकदा हॉलमधून, एकदा आतल्या खोलीतून. सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा कळवा, मग पुढचं बघू.